गरी टाकायची, पण कुणाच्या होडीतून?

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की पुण्यातली निम्मी घरं कोकणात उतरायच्या तयारीला लागतात. कुणी ताम्हिणीतून दिवेआगर-श्रीवर्धनला, कुणी दापोली-हर्णैला, ज्यांच्याकडे चार दिवस आहेत ते थेट मालवण-तारकर्लीला. अलीकडे या सहलींमध्ये एक नवी हौस शिरली आहे. होडीतून खाडीत जायचं आणि मुलाबाळांसकट मासे गरवायचे. घरगुती निवासाचे मालक एखाद-दोन होडीवाल्यांचे नंबर देतात. मग पुणेकर फोन लावतो. "रविवारी सकाळी सातला आलो तर चालेल का? चार मोठे आणि दोन मुलं आहोत."

पहिला होडीवाला म्हणतो, "या की साहेब, कधीही या. मासे हमखास."

दुसरा म्हणतो, "थांबा जरा. रविवारी तिथी काय आहे?"

मासे धरायला जायचंय, सत्यनारायण घालायचा नाही. मग तिथी कशाला? पहिल्याचं बोलणं गुळगुळीत, दुसरा आढेवेढे घेणारा वाटतो आणि बहुतेक घरं पहिल्याकडे जातात. माझ्या मते इथेच निवड चुकते. तिथी विचारणारा माणूस नक्की कशाचा हिशेब करतोय हे एकदा समजून घेतलं, तर चांगला वाटाड्या ओळखायला कुणाच्या शिफारशीची फारशी गरज उरत नाही.

तिथीची पाऊणपट

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते, हे आपण शाळेत शिकतो. ती रोज त्याच वेळी येत नाही, हे मात्र विसरतो. भरतीमागे मुख्य ओढ चंद्राची. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. म्हणून आजची भरती उद्या ५० मिनिटं उशिरा येते, आणि एका दिवसातल्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं.

आपली तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्र किती पुढे गेला याचं माप. मग भरतीची वेळ तिथीशी जोडलेली असणार, हे ओघाने आलंच. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांनी हा संबंध एका सोप्या हिशेबात बसवला आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हिशेब तोच.

यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. किनाऱ्यावरच्या गावागावांत थोडा फरक पडतो आणि खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोहोचते. मुखाशी पाणी उतरायला लागलेलं असतं, तेव्हा आतल्या एखाद्या बंदरावर ते अजून चढत असतं. हा फरक पंचांगात सापडत नाही. तो त्या खाडीवर वाढलेल्या माणसालाच ठाऊक असतो, आणि आपण त्याला पैसे देतो ते बऱ्याच अंशी यासाठी.

तिथीवरून दुसरीही एक गोष्ट कळते, ती म्हणजे पाणी किती चढेल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांच्या ओढी एकमेकींना काटकोनात येतात आणि चढउतार मंदावतो. तो भांग. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. दक्षिणेला मालवणकडे चढउतार बराच कमी असतो.

भरतीचं पाणी दर तासाला सारखं चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच सरकतं. ओहोटीलाही तसंच. तेव्हा प्रवाह जोरात असतो, आणि पूर्ण भरती किंवा पूर्ण सुकतीच्या वेळी पाणी काही काळ जागच्या जागी थांबतं.

मासा कुठे बसतो?

मासा दिवसभर अन्नामागे धावत सुटतो अशी आपली समजूत असते. खाडीतला शिकारी मासा, मग तो जिताडा असो, तांबोशी असो की खडकातलं हेकरू, तसं करत नाही. वाहत्या पाण्यात सतत पोहत राहणं महागात पडतं. खाल्लेलं सगळं त्यातच खर्च होतं. त्यामुळे तो पंगतीतल्या पाहुण्यासारखा एक बरी जागा धरून बसतो आणि वाढपी येण्याची वाट बघतो. इथे वाढपी म्हणजे वाहतं पाणी. ओहोटी लागली की कांदळवनातून, चिखलाच्या ओहोळांतून कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर खाली येते. शिकारी मासा खडकाच्या, पुलाच्या खांबाच्या किंवा खाडीच्या वळणाच्या आडोशाला उभा असतो. तिथे पाणी संथ असतं आणि हातभरावरून वेगाचा प्रवाह जात असतो. घास दिसला की पुढे येऊन उचलायचा आणि पुन्हा आडोशाला यायचं.

पाणी थांबलं की वाढपीही थांबला. मग तुम्ही कितीही ताजी कोळंबी गरीला लावा, तास तास काही हलत नाही. याउलट उधाणाच्या मधल्या दोन तासांत प्रवाह इतका जोरात असतो, की शिशाचं वजन तळाला टिकत नाही, दोरी वाहून जाते आणि पाणी गढूळ होतं. म्हणून बहुतेक गरवणारे भरतीचा उत्तरार्ध आणि ओहोटीची सुरुवात पसंत करतात. उधाण आणि भांग यांच्या मधल्या तिथ्याही अनेकांना आवडतात, कारण तेव्हा पाणी वाहतं असतं, पण अंगावर येत नाही.

आता "कधीही या, मासे हमखास" या वाक्याची किंमत तुमच्या लक्षात आली असेल. हमखास मासे फक्त एकाच ठिकाणी मिळतात, आणि ते म्हणजे मासे आणून सोडलेलं तळं. पुण्याच्या आसपास काही कृषी पर्यटन केंद्रांवर अशी तळी असतात. मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर खुशाल तिथे जा. पाणी उथळ, काठ जवळ आणि दहा मिनिटांत मासा. त्या वयाला एवढंच हवं असतं. पण त्याला खाडी म्हणू नका.

आणखी एक छोटी परीक्षा घेता येते. "पापलेट मिळेल का हो?" असं भोळेपणाने विचारून बघा. पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा असला, तरी तो जाळ्यात सापडणारा; समुद्रातले बारीक जीव खाऊन जगतो आणि गरीला सहसा लागत नाही. "मिळेल की!" असं उत्तर आलं, तर नमस्कार करून फोन ठेवावा. "पापलेट बाजारात घ्या. इथे शिंगाळा लागेल, नशीब असलं तर तांबोशी," असं सांगणारा आपला माणूस.

चौकट : घरबसल्या हिशेब
रविवारी एकादशी आहे असं धरा. ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती.
त्यात सव्वासहा तास मिळवले की दुपारी अडीचच्या सुमारास पूर्ण सुकती.
सव्वादहा ते सव्वाबारा या वेळात ओहोटीचा जोर सगळ्यात जास्त.
मुलांना घेऊन जायचं तर साडेसहा ते दहा ही वेळ बरी. होडीवाल्याने सांगितलेली वेळ याच्याशी साधारण जुळते का, ते पाहा. जुळत नसेल तर कारण विचारा. खाडीत बरंच आत जायचं असेल, तर त्याचं कारण खरंही असू शकतं.

धरणावर तिथी चालत नाही

सगळ्यांनाच कोकणात उतरायला जमत नाही. मुळशी, पवना, पानशेत, उजनी ही धरणं पुण्याच्या जवळ, आणि तिथेही गळ टाकणारे भरपूर. इथे भरती-ओहोटी नाही. वाटाड्याला मग काय वाचता यायला हवं?

ऊन आणि वारा. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. उन्हाळ्यात धरणाचा वरचा थर तापतो, तळाचं पाणी थंड राहतं आणि दोन्ही सहजासहजी मिसळत नाहीत. तळाशी कुजणाऱ्या गाळामुळे तिथला प्राणवायू संपत जातो. वर उकाडा, खाली घुसमट; अशा वेळी मासा मधल्या पट्ट्यात किंवा एखादा ओढा येऊन मिळतो तिथे सापडतो. पहाटे काठाचं पाणी निवलेलं असतं, तेव्हा तो काठाशी येतो. वारा एका दिशेने बराच वेळ वाहिला तर पाण्यावरचे बारीक जीव समोरच्या काठाला ढकलले जातात आणि त्यांच्या मागे मासळी जाते. नवखा माणूस वाऱ्याच्या आडोशाला, आरामशीर काठावर बसतो. जाणता माणूस वारा तोंडावर घेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याखालचा मुलूख. आपली धरणं गावं पोटात घेऊन उभी आहेत. उजनीचं पाणी उन्हाळ्यात खूप उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, आणि ते बघायला पुण्या-सोलापूरहून गर्दी लोटते. अशी देवळं, घरांची जोती, विहिरींचे कठडे, बांध, वठलेली झाडं हे सगळं माशांना आडोसा देतं. होडीच्या तळाला आणि गळाच्या दोरीलाही तेच धोक्याचं. इथला उत्तम वाटाड्या म्हणजे ज्याला जुनी नदी कुठून वाहत होती हे माहीत आहे. भिगवण-कुंभारगाव भागातले मच्छीमार हिवाळ्यात पर्यटकांना रोहित पक्षी दाखवायला होडीतून नेतात. पाणी कुठे गुडघाभर आणि कुठे पुरुषभर हे त्यांना न मोजता कळतं, म्हणूनच चिखलात न रुतता ते होडी पक्ष्यांच्या जवळ नेऊ शकतात. ती जाण पिढीजात मासेमारीतून आलेली आहे.

एक व्यावहारिक बाब. धरणांवरची मासेमारी सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. काठावर गळ घेऊन बसलेल्या प्रत्येकाला तिथे दुसऱ्याला नेण्याचा हक्क असतोच असं नाही. "संस्थेला सांगितलंय का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर देताना माणूस चाचरला, की समजायचं ते समजतं.

वाऱ्याचं गणित

मासा मिळाला नाही तर सहल थोडी फिकी होते, एवढंच. वारा चुकला तर जे होतं ते वेगळं असतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहत काठाला लागला, सहा बुडाले, त्यांत लहान मुलंही होती. ही मासेमारीची सहल नव्हती, रोजची ये-जा होती. पण मे महिन्याची संध्याकाळ आणि उघडं रुंद पाणी हा योग सुट्टीतल्या घरांनाही तसाच लागू पडतो.

वळीव कसा येतो ते पाहा. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची दमट हवा दुपारनंतर वेगाने वर चढते आणि तिचे उंच ढग होतात. ढगातून पाऊस पडू लागला की त्याच्याबरोबर हवाही थंड होते, जड होते आणि खाली कोसळते. जमिनीला टेकली की ती चारी दिशांना पसरते. म्हणजे वारा पावसाच्या आधी येतो, कधी कधी डोक्यावर एक थेंबही नसताना. पाण्यावर वाऱ्याला अडवायला झाड नाही, घर नाही. वारा जितका लांबून पाणी घासत येतो, तितकी लाट मोठी. उजनीसारख्या रुंद पाण्यात ती बघता बघता उभी राहते.

म्हणून मे महिन्यात "संध्याकाळी चारला निघू, उन्हं उतरली की बरं" असं म्हणणारा धरणावरचा होडीवाला मला नको. त्याने पहाटे बोलवावं, दहापर्यंत काठाला लावावं आणि पश्चिमेला किंवा घाटाकडे काळं दिसलं की मासा लागत असतानाही गळ गुंडाळायला सांगावं.

समुद्राकडे वाऱ्याचं वेळापत्रक जास्त भरवशाचं असतं. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात पाठ केले, त्यांचा उपयोग इथे होतो. सकाळी उशिरापर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला येते. दुपारी हा वारा भरात असतो. त्याच वेळी ओहोटी असेल तर खाडीचं पाणी बाहेर धावतं आणि वारा आत येतो. दोघांची गाठ खाडीच्या मुखाशी पडते. समोरून येणाऱ्या प्रवाहामुळे लाटांमधलं अंतर कमी होतं, त्या जवळजवळ येतात आणि उंच, उभ्या होतात. मुखाशी वाळूचा उथळ पट्टा असला की त्या फुटायला लागतात. आत शंभर हातांवर पाणी गुळगुळीत आणि मुखाशी होडी उडतेय, असं दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. त्यामागे हे कारण आहे. काठावरून मात्र त्याचा अंदाज येत नाही.

वाटाड्याला हा प्रश्न जरूर विचारा: "दुपारी मुखाबाहेर न्याल का?" लगेच "नेतो" म्हणणाऱ्यापेक्षा "त्या वेळी ओहोटी आहे, नको," म्हणणारा कितीतरी मोलाचा.

होडीत कोण कुठे बसतं?

माणूस फोनवर कितीही पटला, तरी शेवटचा निर्णय धक्क्यावर, होडीत पाय ठेवण्याआधी घ्यावा. पहिल्या पाच मिनिटांत तो काय करतो ते बघायचं.

छोटी होडी पाण्यावर स्थिर राहते ती तिच्या रुंदीमुळे आणि आतलं वजन खाली असल्यामुळे. ती एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी तिला उलट वर ढकलतं. वजन खाली असेल तोवर हा परतीचा धक्का पुरेसा असतो. माणसं उभी राहिली की वजन वर जातं आणि धक्का अपुरा पडू लागतो. त्यात सगळी एकाच बाजूला गेली तर संपलंच. आणि सगळी एकाच बाजूला कधी जातात? मासा लागला की. दादाच्या गरीला मासा लागला, ताई उठली, आई मोबाइल घेऊन वाकली, आजोबा "बघू बघू" करत सरकले. हा प्रसंग घडणारच हे ज्याला माहीत आहे, तो होडी सुटण्याआधीच प्रत्येकाची जागा ठरवतो आणि सांगतो, "मासा लागला तरी कुणी उठायचं नाही. मी दाखवतो सगळ्यांना." हे वाक्य ऐकू आलं, की निम्मी चिंता मिटली.

लाइफ जॅकेट आहेत का, एवढं विचारून भागत नाही. ती मुलांच्या मापाची आहेत का आणि होडी निघण्याआधी अंगात चढवली जातात का, हे बघावं. बसायच्या फळीखाली गाठोडं करून ठेवलेली जॅकेटं बुडताना कुणाला काढता येत नाहीत. मापाची परीक्षा सोपी आहे. जॅकेट घातलेल्या मुलाला जॅकेटच्या खांद्यांशी धरून हलकं वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं आणि हनुवटी आत गेली, तर ते मोठं आहे. पाण्यात मूल त्यातून निसटेल. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम.

मग गरी. गरीच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, तो माशाच्या तोंडातून गरी निसटू देत नाही. तोच काटा मुलाच्या बोटात रुतला तर ओढून निघत नाही, डॉक्टरकडेच जावं लागतं. मुलांसाठी देण्याच्या गऱ्यांचा हा काटा पकडीने दाबून सपाट करता येतो. दोन-चार मासे जास्त सुटतील, सुटू द्या. असं करायला सांगितल्यावर जो हसतो त्याच्याकडे मुलं नेऊ नयेत. जो खिशातून पकड काढतो त्याच्याकडे न्यावीत. दांडी फिरवून दूर फेकण्यापेक्षा मुलांना हातातली साधी दोरी बरी. फेकताना मागे कुणाचा डोळा आहे हे त्यांच्या लक्षात राहत नाही. शिवाय बोटावरच्या दोरीतून माशाची पहिली टोकर जशी जाणवते, तशी महागड्या रिळातून जाणवत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. मासेमारी नौकेवर ठळक नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. महाराष्ट्रातल्या नौकांच्या क्रमांकात राज्याची 'एमएच' ही खूण असते. पण मासेमारीची नोंदणी आणि प्रवासी नेण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी वाहतुकीचं काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं. तेव्हा दोन्ही विचारा. आणि १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा विणीचा हंगाम असतो. जूनमध्ये "आपलं चालतं हो" म्हणणारा होडीवाला इतर नियमांनाही तसंच म्हणणार.

मासा हातात आल्यावर

इथे वाटाड्याचं ज्ञान अगदी जवळून दिसतं. समजा, शिंगाळा लागला. दिसायला मवाळ, मिशाळ मासा. पण पाठीवरच्या पराला एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन करवती काटे त्याला असतात आणि ते विषारी असतात. जाणता माणूस तो कुणाला हात लावू देत नाही. फडक्याने किंवा पकडीने धरतो, नाहीतर परांच्या मागून बोटं घालून काटे अडकवून टाकतो. पाकट लागली तर शेपटीपासून लांब राहून दोरीच कापून टाकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय बुडवून ठेवला की वेदना बऱ्याच उतरतात, मग डॉक्टर. होडीत थर्मास दिसला तर तो फक्त चहासाठी आहे का, हे विचारायला हरकत नाही.

तिसरा मासा केंड. पाण्याबाहेर आला की पोट फुगवून चेंडू होतो आणि मुलं आनंदाने किंचाळतात. बघू द्यावा आणि लगेच सोडावा. त्याच्यातलं विष शिजवल्याने जात नाही. सहलीत मिळालेली मासळी संध्याकाळी निवासावर तळून खायची असते. त्यामुळे कुठली टोपलीत जाईल आणि कुठली नाही, हे ठरवणारा माणूस खात्रीचा हवा.

लहान मासा परत सोडण्याची सवय असलेला वाटाड्या भेटला तर दुधात साखर. २०२३ मध्ये राज्य सरकारने समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, ती याचसाठी. एकदाही अंडी न घातलेला मासा धरला, तर पुढच्या वर्षीची मासळी आत्ताच खाऊन टाकल्यासारखं होतं. सोडण्याचीही रीत असते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा ही त्याची रोगांपासूनची ढाल. कोरड्या हाताने किंवा टॉवेलने धरलं की ती पुसली जाते, आणि सोडलेला मासा काही दिवसांनी मरू शकतो. हात ओले करावेत, मासा आडवा धरावा, कल्ल्यांत बोटं घालू नयेत आणि फोटो काढायचा तर पाण्यालगत, पटकन.

गोड्या पाण्यात हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे महसीर लागू शकतो. दख्खनच्या महसीराशी पुण्याचं नातं जुनं आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या नदीत महसीर शोधायला जाऊ नका. नदीची अवस्था आपल्याला माहीत आहे. पुढे १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने या माशाची कृत्रिम पैदास सुरू केली आणि तिथली पिल्लं राज्यात आणि राज्याबाहेर सोडली गेली. अशा माशाला टोपलीत टाकणारा वाटाड्या मुलांना काय शिकवतो, याचा विचार आईबापांनी करावा.

पैशाचं बोलणं आधी

राहिला दर. तो गावागावांत, हंगामागणिक वेगळा असतो. डिझेल, आमिष आणि सामान त्यात धरलंय का, एवढं विचारून घ्यावं. माझा आग्रह दुसऱ्याच मुद्द्यावर आहे. वारा सुटला म्हणून फेरी रद्द झाली, तर पैसे कुणाचे?

सुट्टीतल्या एका रविवारावर त्या होडीवाल्याच्या आठवड्याची कमाई टांगलेली असते. "नको" म्हटलं की ती गेली. समोर पुण्याहून पाच-सहा तास गाडी हाकत आलेली माणसं, मुलांची तोंडं पडलेली, बाप म्हणतोय "अहो, जरा फिरवून तरी आणा." अशा वेळी चांगल्यातला चांगला माणूसही आभाळाकडे बघून मनाची समजूत घालायला लागतो. तेव्हा आपणच फोनवर आधी सांगून टाकावं: "दादा, वारा असेल तर तुम्हीच नको म्हणा. नाही गेलो तरी अर्धे पैसे तुमचे." मग नाही म्हणताना त्याला पोटाचा विचार करावा लागत नाही.

फेरी रद्द झालीच तर दापोलीकडे असलेल्यांनी संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर जावं. नौका आलेल्या असल्या तर वाळूवर मासळीचे ढीग लागतात, लिलाव पुकारला जातो आणि बर्फाच्या गाड्या उभ्या असतात. तिथल्या मावश्यांना माशांची नावं विचारायला मुलांना पुढे करा. मोठ्यांनी विचारलं तर त्या आधी भाव सांगतात.